भंडाऱ्यात कुंग फू शिकायचंय? बोर्ड, बेल्ट आणि फी बघण्याआधी हे वाचा

रात्रीची जेवणं सुरू असतात. पोरगं एका हाताने भात कालवतंय आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर शाओलिनच्या भिक्खूंची रील बघतंय. रील संपते आणि घोषणा होते, “बाबा, मले कुंग फू शिकाचं आहे.”

बाबा मोबाईल काढून ‘जवळचा कुंग फू क्लास’ असं सर्च मारतात. समोर काय येतं? नागपूरचे दोन-चार क्लास, गावातला एक कराटेचा क्लास, एक जिम आणि एक न लागणारा फोन नंबर. मग शेजारचा कोणीतरी सांगतो, “अमक्या सरांकडे पाठवा ना, तिथं बेल्ट लवकर भेटते.”

इथेच थांबायचं, कारण ‘बेल्ट लवकर भेटते’ ही क्लासची जाहिरात वाटत असली तरी खरं तर ती धोक्याची घंटा आहे.

भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. जिल्ह्याच्या सातपैकी कुठल्याही तालुक्यात राहत असाल तर प्रश्न तोच आहे. जवळ, परवडणारं आणि खरोखर चांगलं कुंग फू कुठे मिळेल? आणि समोर असलेला क्लास चांगला आहे की नुसता बोर्ड चांगला आहे, हे आपल्यासारख्या त्यातलं काही न कळणाऱ्या माणसाने ओळखायचं कसं?

विषय नीट समजून घेऊ.

आधी हे बघू, कुंग फू म्हणजे नक्की काय?

गंमत अशी की ‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी नाहीच. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ होतो, वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब. उत्तम स्वयंपाक करणाऱ्याकडेही ‘कुंग फू’ असतं आणि उत्तम सुतारकाम करणाऱ्याकडेही. लढण्याच्या कलेसाठी चिनी भाषेतला नेमका शब्द आहे ‘वुशू’. पण १९७३ मध्ये ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ आला, हाँगकाँगच्या सिनेमांची लाट जगभर पसरली आणि ‘कुंग फू’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसलं.

म्हणजे ‘लवकर मिळणारं कुंग फू’ ही कल्पनाच या शब्दाच्या अर्थाविरुद्ध जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे कुंग फू ही एक कला नाही. हुंग गार, विंग चुन, ताई ची, शाओलिनच्या परंपरा अशा शेकडो शैली आहेत. प्रत्येकीची उभं राहण्याची पद्धत वेगळी, सराव वेगळा, गुरूंची साखळी वेगळी. एखादा माणूस आयुष्य घालवून एक किंवा दोन शैली नीट शिकतो. त्यामुळे बोर्डावर कुंग फू, कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंग, एमएमए, योगा आणि डान्स असं सगळं एकाच सरांच्या नावाखाली लिहिलेलं असेल, तर प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

मग ते बोधिधर्माचं काय? कुंग फू भारतातूनच गेलं ना?

टीव्हीवर ‘चेन्नई व्हर्सेस चायना’ लागला की हा विषय घरोघरी निघतो. दक्षिण भारतातला बोधिधर्म चीनला गेला आणि त्याने शाओलिनच्या भिक्खूंना युद्धकला शिकवली, अशी ती गोष्ट. अनेक क्लासच्या भिंतीवर त्याचा फोटोही असतो.

इतिहासकार मात्र याला आख्यायिका मानतात. बोधिधर्माचा काळ साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला धरतात, पण त्याचं नाव शाओलिनच्या व्यायामाशी जोडणारा ग्रंथ थेट सतराव्या शतकातला आहे. मध्ये हजारेक वर्षांचं अंतर आहे.

भारताशी असलेला जास्त भक्कम धागा वेगळा आहे. चीनच्या हनान प्रांतात शाओलिन मठ उभा राहिला तो इसवी सन ४९५ च्या सुमारास, आणि त्याचे पहिले मठाधिपती म्हणून बुद्धभद्र या भारतातून गेलेल्या भिक्खूंचं नाव सांगितलं जातं. चिनी लोक त्यांना बातुओ म्हणतात. ते ध्यानाचे गुरू होते, मारामारीचे नव्हे.

हे इथे सांगायचं कारण काय? कारण बरेच क्लास ‘शाओलिन’ हे नाव विकतात. भिंतीवर मठाचा फोटो, सर्टिफिकेटवर ड्रॅगन, टी-शर्टवर चिनी अक्षरं. पण नाव म्हणजे गुणवत्ता नाही. २०२५ मध्ये खुद्द शाओलिनचे मठाधिपती शी योंगशिन यांची मठाच्या पैशांच्या अपहाराच्या आरोपांवरून चौकशी सुरू झाली आणि त्यांना पदावरून हटवण्यात आलं. मूळ मठाची ही गत असेल, तर नुसत्या नावावर फी भरण्यात काही अर्थ नाही.

बोर्डावर ‘कुंग फू’ लिहिलेलं असतं, आत काय शिकवतात?

आपल्याकडे ‘कुंग फू’ या नावाखाली साधारण तीन प्रकारचं शिक्षण मिळतं.

पहिला प्रकार, पारंपरिक कुंग फू. एक ठरावीक शैली, गुरूंची सांगता येणारी परंपरा, महिनोन्महिने फक्त पायांच्या बैठकी, हळूहळू हातांचे प्रकार, मग जोडीने सराव आणि पुढे शस्त्रं. यात स्पर्धा कमी आणि सराव जास्त. असे शिक्षक देशातच मोजके आहेत आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत.

दुसरा प्रकार, वुशू. चीनने विसाव्या शतकात जुन्या शैलींना एका साच्यात बसवून त्याचा आधुनिक खेळ केला. यात दोन भाग असतात. ‘ताओलू’ म्हणजे ठरलेल्या हालचालींचं सादरीकरण, त्याला जिम्नॅस्टिक्ससारखे गुण मिळतात. ‘सांदा’ म्हणजे ठोसे, लाथा आणि उचलून पाडणं असलेली प्रत्यक्ष लढत. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून वुशू आशियाई खेळांमध्ये आहे.

तिसरा प्रकार, नाव कुंग फूचं आणि आत कराटे किंवा सगळ्याचं मिश्रण. कराटे जपानच्या ओकिनावा बेटांवरचं, तायक्वांदो कोरियाचं. दोन्ही चांगल्या कला आहेत आणि नीट शिकवल्या तर पोराचं भलंच होतं. अडचण शिकवण्यात नाही, खोटं नाव लावण्यात आहे. आणि हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. २०१० च्या ‘द कराटे किड’ सिनेमात जॅकी चॅन पोराला कुंग फू शिकवतो आणि सिनेमाचं नाव मात्र कराटे!

मग भंडारा जिल्ह्यात प्रामाणिक अपेक्षा काय ठेवायची? पहिला प्रकार घराजवळ मिळण्याची शक्यता कमी. दुसरा प्रकार, म्हणजे वुशू, शोधला तर मिळू शकतो. आणि कराटे किंवा तायक्वांदोचा चांगला शिक्षक मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्यामुळे शोध ‘कुंग फू’ या नावाचा करण्यापेक्षा चांगल्या शिक्षकाचा करायचा.

वुशूला एवढं महत्त्व का द्यायचं?

कारण कुंग फूच्या कुटुंबातला हा असा खेळ आहे ज्यात भारताकडे राष्ट्रीय संघटना, स्पर्धांची शिडी आणि पदकं, तिन्ही आहेत.

२०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या संध्याराणी देवीने रौप्यपदक जिंकलं. २०१७ मध्ये रशियातल्या कझानला पूजा कादियान वुशूची विश्वविजेती झाली, असं करणारी ती पहिली भारतीय. २०१८ च्या जकार्ता स्पर्धेत भारताला सांदामध्ये ४ कांस्यपदकं मिळाली. २०२३ मध्ये हांगझूला रोशिबिना देवीने ६० किलो गटात रौप्य मिळवलं. त्याच स्पर्धेच्या वेळी अरुणाचल प्रदेशच्या तीन वुशू खेळाडूंना चीनमध्ये जाता आलं नाही म्हणून देशभर वाद झाला होता, तो तुम्हाला आठवत असेल. रोशिबिनाने आपलं पदक त्यांना अर्पण केलं.

या पदकविजेत्यांमध्ये बड्या शहरांतली श्रीमंत घरातली मुलं फारशी नाहीत. मणिपूर, हरियाणातल्या साध्या घरांतली आहेत. म्हणजे चांगलं शिकायला महागडा एसी हॉल लागतो असं काही नाही. शिक्षक आणि सातत्य लागतं.

शोध कुठून सुरू करायचा?

गुगलवरून नाही. पहिला फोन किंवा पहिली चक्कर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. भंडाऱ्यात हे कार्यालय आहे आणि जिल्ह्यातल्या शालेय क्रीडा स्पर्धांचं काम तिथूनच चालतं. तिथे तीन गोष्टी विचारा.

एक, यंदाच्या शालेय स्पर्धांच्या यादीत वुशू, कराटे, तायक्वांदो, ज्युदो, किक बॉक्सिंग यांपैकी कोणते खेळ आहेत? यादीत बदल होत असतात, म्हणून चालू वर्षाचीच विचारायची.

दोन, मागच्या वर्षी जिल्हास्तरावर या खेळांत कोणत्या शाळांची आणि कोणत्या क्लासची मुलं उतरली आणि पुढे विभागावर गेली? ज्या क्लासची मुलं दरवर्षी विभागीय स्पर्धेपर्यंत जातात, तिथे काहीतरी शिकवलं जातं एवढं नक्की.

तीन, क्रीडा संकुलात या खेळांचं प्रशिक्षण चालतं का आणि त्याची फी किती? सरकारी मैदानावरचा वर्ग खासगी हॉलपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतो.

दुसरी चौकशी पोराच्या शाळेत करा, पीटीच्या सरांकडे. कोणता क्लास पोरं टिकवून ठेवतो आणि कोणता दर वर्षी नवी पोरं शोधत फिरतो, हे त्यांना माहीत असतं.

तिसरी चौकशी, जे पालक क्लास सोडून गेले त्यांच्याकडे. ज्यांचं पोरगं आज तिथे जातंय ते चांगलंच सांगतील. ज्यांनी सोडलं ते खरं कारण सांगतील.

मुलीसाठी शोधत असाल आणि ती सरकारी शाळेत सहावी ते बारावीत असेल, तर अजून एक गोष्ट विचारा. समग्र शिक्षा अभियानात ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ नावाची योजना आहे. यात मुलींना शाळेतच ३ महिने स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण द्यायचं असतं आणि त्यासाठी शाळेला दरमहा ५,००० रुपयांची तरतूद आहे. तुमच्या शाळेत ते यंदा होणार आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारायला एक रुपयाही लागत नाही. ३ महिन्यांत कोणी कुंग फू शिकत नाही, पण मुलीला यात गोडी आहे की नाही ते कळतं.

बेल्ट, सर्टिफिकेट आणि नोकरीचं गाजर

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं गावोगावी आहेत. सकाळी रस्त्याच्या कडेला धावणारी ही मुलं आणि त्यांचे पालक एका वाक्याला हमखास भुलतात, “ब्लॅक बेल्ट झाला की स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी पक्की.”

हे खोटं आहे.

महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण ते मिळतं मान्यताप्राप्त संघटनेच्या, ठरलेल्या स्तरावरच्या स्पर्धेत मिळवलेल्या प्रावीण्यावर. क्लासने दिलेल्या बेल्टवर नाही. स्पर्धेचं प्रमाणपत्र असलं तरी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते, भंडाऱ्यासाठी ते नागपूरला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघडकीला आली तेव्हापासून ही पडताळणी जास्तच काटेकोर झाली आहे. खोटं प्रमाणपत्र लावलं तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो. पैसे घेणारे सर तेव्हा सोबत नसतात.

दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडा गुणांचंही तसंच आहे. स्पर्धा कोणाची, स्तर कोणता, खेळ यादीत आहे का, हे बघूनच गुण मिळतात.

म्हणून ‘इंटरनॅशनल चॅम्पियनशिप, प्रवेश फी अमुक हजार, प्रत्येकाला मेडल’ असा मेसेज व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला की एकच प्रश्न विचारायचा. “सर, हे प्रमाणपत्र जिल्हा क्रीडा कार्यालयात चालते का?” उत्तर ‘हो’ आलं तरी कार्यालयात जाऊन खात्री करायची.

संघटनांची मान्यता कायमची नसते हेही लक्षात ठेवा. २०२० मध्ये भारतातल्या तेव्हाच्या राष्ट्रीय कराटे संघटनेची मान्यता जागतिक महासंघाने काढून घेतली आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेनेही तेच केलं. वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या मुलांचा त्यात काय दोष? पण प्रश्न त्यांच्याच प्रमाणपत्रांवर आले. त्यामुळे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यताप्राप्त संघटनांची चालू यादी बघून घ्यायची.

आणि बेल्टची मूळ गोष्ट माहितीये? कमरेच्या पट्ट्यांची ही पद्धत जपानच्या ज्युदोमधून आली. पारंपरिक कुंग फूमध्ये रंगीत बेल्ट नव्हतेच. आज अनेक कुंग फू शाळा सोयीसाठी ते वापरतात, त्यात वाईट काही नाही. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी आणि नापास कोणीच होत नाही, असं असेल तर तिथे शिकवणं कमी आणि बेल्टविक्री जास्त आहे.

स्वस्त म्हणजे नक्की किती? हा हिशेब करून बघा

आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, “महिन्याची फी किती?” इथेच फसतो. प्रश्न असा हवा, “वर्षाला सगळं मिळून किती?”

समजा, दोन क्लास आहेत. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

पहिल्या क्लासची फी ४०० रुपये महिना. वर्षाचे ४,८०० रुपये. प्रवेश फी ५००. ड्रेस १,२००. वर्षात ४ बेल्ट परीक्षा, प्रत्येकी ८००, म्हणजे ३,२००. एक शिबिर २,५००. दोन स्पर्धा प्रत्येकी १,५००, म्हणजे ३,०००. एकूण झाले १५,२०० रुपये.

दुसऱ्या क्लासची फी ८०० रुपये महिना. वर्षाचे ९,६००. प्रवेश फी नाही. टी-शर्ट आणि ट्रॅक पँट ५००. वर्षात एकच परीक्षा, ५००. एक स्पर्धा, १,५००. एकूण १२,१०० रुपये.

४०० रुपयांवाला क्लास प्रत्यक्षात महिन्याला साडेबाराशेच्या वर पडला आणि ८०० वाला हजाराच्या आसपास. महाग दिसणारा क्लास वर्षाअखेर ३,१०० रुपयांनी स्वस्त निघाला.

म्हणून पहिल्याच भेटीत सगळा खर्च कागदावर लिहून मागायचा. प्रत्येक स्पर्धेला जाणं सक्तीचं आहे का? ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो का? पोरगं आजारी पडलं किंवा दिवाळीत महिनाभर आलं नाही तर फी भरायची का? वर्षभराची फी एकदम भरायला लावत असतील तर नाही म्हणा. आधी एक महिना, मग तीन महिने. चांगला शिक्षक याला हरकत घेत नाही. धानाचे पैसे हाती आल्यावर फी देतो म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला सांभाळून घेणारे सर आपल्याकडे आजही आहेत, विचारायला लाजू नका.

पहिल्या दिवशी मैदानावर काय बघायचं?

फी भरण्याआधी दोन वेळा जाऊन पूर्ण तास बसून बघा. न सांगता गेलात तर उत्तम. कुंग फूमधलं काही कळत नसलं तरी हे नक्की कळेल.

सर स्वतः शिकवतात का? बोर्डावर सरांचा फोटो आणि मैदानावर बारावीतला सीनियर पोरगा, असं रोज असेल तर तुम्ही फी कोणाला देताय?

चूक दुरुस्त होते का? चांगला शिक्षक पोरांमधून फिरतो. कोणाचा गुडघा आत वळलाय, कोणाची मूठ चुकीची आहे, हे थांबवून नीट करतो. नुसते आकडे मोजत पन्नास पोरांकडून लाथा मारून घेणं म्हणजे कवायत झाली.

बैठकीला वेळ देतात का? कुंग फूमध्ये ‘मा बू’ नावाची घोड्यावर बसल्यासारखी बैठक असते. दिसायला कंटाळवाणी, पण सगळा पाया तिथेच. पहिल्या महिन्यात उड्या आणि नानचाकू शिकवणाऱ्या क्लासपेक्षा पाय थरथरेपर्यंत बैठक करून घेणारा क्लास बरा.

जोडीने सराव होतो का आणि कसा? हवेत हात फिरवून लढणं येत नाही. पण लढत घेताना हेल्मेट, दातांचा गार्ड, पायांचे पॅड आणि खाली मॅट हवी. फरशीवर पाडापाडी चालू असेल तर पोराला तिथून घरी आणा.

तमाशा किती? गॅदरिंगमध्ये डोक्यावर ट्यूबलाइट फोडणं, हाताने कौलं फोडणं, पोटावरून मोटारसायकल नेणं. टाळ्या मिळतात, पण वाढत्या वयाच्या पोरांची हाडं अजून पक्की झालेली नसतात. हे कुंग फूच्या शिक्षणाचं माप नाही.

उन्हाचा विचार आहे का? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हाळी शिबिर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर हवं, मध्ये पाणी हवं. “पाणी पिलं तर स्टॅमिना कमी होते” असं म्हणणारे सर असतील तर नमस्कार करून निघा.

मग सरांना शांतपणे दोन प्रश्न विचारा. “सर, तुम्ही कोणाकडे आणि किती वर्षं शिकलात?” आणि “आमच्या पोराला ब्लॅक बेल्ट व्हायला किती दिवस लागतील?” पहिल्याचं उत्तर सरळ, नावानिशी यायला हवं. पारंपरिक कुंग फूमध्ये गुरूचं नाव सांगणं अभिमानाची गोष्ट असते. दुसऱ्याला “दीड वर्षात करून देतो” असं उत्तर आलं तर समजून जा. “ते पोराच्या मेहनतीवर आहे, चार-पाच वर्षं धरा” असं म्हणणारा माणूस ग्राहक गमावायला तयार आहे. अशाच माणसाकडे पोरगं द्यावं.

पोरांची सुरक्षा, यात भिडभाड नको

मार्शल आर्टमध्ये शिक्षकाचा पोरांच्या अंगाला हात लागतो, शिस्तीच्या नावाखाली त्याचा शब्द अंतिम असतो. त्यामुळेच इथे नियम जास्त स्पष्ट हवेत.

पालकांना बसून बघायला मनाई असेल तर तो क्लास नको. मुलींच्या बॅचमध्ये एखादी महिला प्रशिक्षक किंवा मोठी सीनियर मुलगी हवी. बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना सोबत कोण, मुक्काम कुठे, मुलींची खोली वेगळी का, हे लेखी हवं. बंद खोलीत एकट्याला ‘स्पेशल ट्रेनिंग’ नको. पट्ट्याने मारणं म्हणजे शिस्त नव्हे.

पोरगं अचानक जायला नाही म्हणायला लागलं तर ‘आळशी’ म्हणण्याआधी कारण विचारा. काही चुकीचं घडलं असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा मुलामुलींच्या, दोघांच्याही बाजूने उभा आहे. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८ आणि पोलीस ११२.

नागपूरला जायचं का?

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. साकोली, लाखांदूरकडून हे अंतर आणखी वाढतं. तिथे पर्याय जास्त आहेत, हे खरं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. वरठीच्या भंडारा रोड किंवा तुमसर रोड स्टेशनवरून रेल्वेचा मासिक पासही निघतो. म्हणजे पैशांचा प्रश्न सुटू शकतो.

वेळेचा सुटत नाही. भंडाऱ्याहून जायला-यायला मिळून तीन तास धरले आणि आठवड्यातून दोनदा गेलात, तर सहा तास प्रवास आणि शिकणं जेमतेम तीन तास. शाळेच्या पोराला हे झेपत नाही, दोन महिन्यांत उत्साह मावळतो.

यातला मधला रस्ता असा. गावातच कराटे, तायक्वांदो किंवा वुशूचा जो चांगला शिक्षक मिळेल त्याच्याकडे पाया घालायचा. लवचिकता, तोल, दम, पडायचं कसं, हे कुठल्याही कलेत वाया जात नाही. पोरगं दोन वर्षं टिकलं आणि तरीही त्याला कुंग फूच हवं असेल, तर महिन्यातून एक-दोन रविवार नागपूरच्या शिक्षकाकडे जायचं आणि उरलेले दिवस घरी सराव करायचा. यूट्यूब याला जोड म्हणून ठीक आहे. पण यूट्यूब तुमचा वाकडा गुडघा बघू शकत नाही, त्यामुळे गुरू म्हणून ते चालत नाही.

आणि काहीच मिळालं नाही तर?

मग आपल्या मातीत बघा. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी चीनच्या पथकाने तिथे आपल्या युद्धकलेची प्रात्यक्षिकं केली होती. त्याच वेळी त्याच शहरात आणखी एक पथक भारतीय व्यायाम आणि खेळ दाखवत होतं. ते होतं आपल्या विदर्भातल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं. १९१४ मध्ये सुरू झालेली ही संस्था आजही सुरू आहे.

म्हणजे ज्या काळात चीन आपलं ‘कुंग फू’ जगाला दाखवत होता, त्याच काळात विदर्भही आपलं दाखवत होता. कुस्ती, लाठी-काठी, मल्लखांब, दांडपट्टा. यातही बैठक आहे, श्वास आहे, गुरू आहे आणि वर्षानुवर्षांचा घाम आहे. गावातल्या आखाड्यात पहाटे जोर-बैठका काढून घेणारे वस्ताद फी विचारली तर बहुतेकदा हसतात.

शेवटी सगळ्याचा सार एवढाच. आधी क्रीडा कार्यालयात चौकशी, मग दोन दिवस मैदानावर बसून बघणं, मग वर्षाचा हिशेब कागदावर आणि मगच एका महिन्याची फी. बोर्डावर कुंग फू लिहिलंय की कराटे, याने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो पोराचा वाकडा गुडघा कोणी थांबून सरळ करतंय का, याने.

एवढं बघून निवडलेल्या क्लासमध्ये पोरगं पाच वर्षं टिकलं, तर कमरेला बेल्ट कोणता का असेना, त्याने जे कमावलं असेल त्यालाच चिनी माणूस कुंग फू म्हणतो.